गोदाकाठची शिराझ

दिंडोरी रिझर्व शिराझ ही नाशिकच्या सुला वाइनरीची लाल वाइन. शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांपासून ती बनते आणि दिंडोरी तालुक्याचे नाव मिरवते. राजीव सामंत यांनी ही वाइनरी गंगापूर धरणालगतच्या आपल्या कौटुंबिक जमिनीवर उभारली. ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा यांच्या नावावरून आले. पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली, ती पांढरी, लाल त्यानंतरची. फ्रान्समधल्या जुन्या घराण्यांपुढे हे वय थोडे वाटेल, पण भारतीय वाइनच्या हिशेबात ही जुनीच बाग.

गंगापूर धरण गोदावरीवर आहे. हीच नदी पुढे परभणी जिल्ह्यात गंगाखेडला पोचते, पण तिथली पाणी धरून ठेवणारी काळी जमीन कापसाला मानवते, वेलीच्या मुळांना नव्हे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. हिवाळ्यातल्या थंड रात्री मण्यातला आंबटपणा टिकवून धरतात. मराठवाड्याला द्राक्ष नवे मात्र नाही. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता दौलताबादच्या द्राक्षांबद्दल लिहितो, की ती वर्षातून दोनदा येतात.

युरोपात बर्फाळ थंडीत वेल झोपते. इथे ती झोपतच नाही, म्हणून माणसाला कात्री चालवावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ पावसात सापडले तर केवडा आणि भुरी हे रोग बाग खातात. यासाठीच इथली तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात ती ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये.

काळ्या द्राक्षाचा मणी चिरला तर आतला गर बहुधा फिकट निघतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो तो मुख्यतः सालीतून. त्यामुळे देठ काढून मणी फोडले, की रस सालीबियांसकट टाकीत आंबवतात. पांढऱ्या वाइनसाठी तो आधीच पिळून घेतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. निघणारा वायू साली वर ढकलतो आणि त्यांचा जाड थर तरंगतो. तो सुकला तर रंग उतरत नाही, म्हणून तळचा रस उपसून पुन्हा पुन्हा त्यावर सोडतात. या कारागिरीत खरी मेहनत इथेच आहे. पुढे जिवाणू हिरव्या सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचे दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात आणि वाइन मवाळ होते. काही काळ ओक लाकडाच्या पिंपात मुरली, की तिला व्हॅनिलासारखा वास चढतो. मिरीचा वास मात्र शिराझचा स्वतःचा. रोटुंडोन हे द्रव्य मिरीत असते, तसेच या द्राक्षाच्या सालीतही.

शिराझचा इराणमधल्या शिराझ शहराशी संबंध जोडतात, पण 1998 मधल्या डीएनए तपासणीतून तिचे दोन्ही जनक फ्रान्सचेच निघाले.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. तिला 16 ते 18 अंश मानवतात. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणेच योग्य.