झटपट तंबू : गुण आणि दोष

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादी रात्र मुलाबाळांसह उघड्यावर काढावी, ही हौस आता नाशिककरांच्या चांगली अंगवळणी पडली आहे. मे महिना सरत आला आणि वळवाची एखादी सर पडून गेली, की घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे मोटारींची रीघ लागते. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत कळसूबाईच्या परिसरातील झाडे काजव्यांनी लखलखतात. तो देखावा पाहावयास आलेली मंडळी कोणी गावकऱ्यांनी उभारलेल्या तंबूत उतरतात, तर कोणी आपला तंबू बरोबर नेतात. हा घरचा तंबू अलीकडे बहुधा 'झटपट' जातीचा असतो. पिशवीतून काढला की दोनचार मिनिटांत उभा, असे त्याचे वर्णन दुकानदार करतो आणि ते खोटे नसते. परंतु तंबू घ्यावयाचा तो संध्याकाळच्या त्या दोनचार मिनिटांसाठी की पुढच्या दहा तासांच्या रात्रीसाठी, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारला पाहिजे.

झटपट तंबूंचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात कापडाच्या शिवणीत लवचीक कडी ओवलेली असते. ती पीळ देऊन दुमडली की तंबूची थाळीसारखी चकती होते; बंद सोडला की कडी पूर्वरूपावर येते आणि तंबू उडी मारल्यासारखा उलगडतो. एका फ्रेंच कंपनीने २००५ साली असा तंबू बाजारात आणला, तेव्हापासून त्याचा विशेष बोलबाला झाला. दुसऱ्या प्रकारात छत्रीसारखी योजना असते. काड्या माथ्यावरच्या एका सांध्याला कायमच्या जोडलेल्या असतात. त्या ताणून गुडघे सरळ केले की सांगाडा तयार होतो. तिसऱ्यात काड्याच नसतात. त्यांच्या जागी रबरी नळ्यांच्या कमानी असतात व त्यांत पंपाने हवा भरावयाची असते.

यांचे गुण उघड आहेत. दिवस मावळलेला, मुले भुकेलेली, आभाळ भरून आलेले, अशा वेळी आठ काड्यांतली कोणती कोठे बसते हे कंदिलाच्या उजेडात शोधत बसण्याचा प्रसंग टळतो. एकटा मनुष्यही तंबू उभा करू शकतो. काड्या सुट्या नसल्यामुळे त्या घरी विसरत नाहीत वा गवतात हरवत नाहीत. दुपारी नदीकाठी दोन तास सावली हवी असेल, तर यासारखे सोयीचे साधन नाही.

आता दोष पाहू. उलगडणे जितके सोपे, तितके मिटणे अवघड. चकतीच्या तंबूला योग्य पीळ देण्याची युक्ती साधेपर्यंत मनुष्य घामाघूम होतो. कुटुंबाला पुरेशा तंबूची चकती पाऊण मीटरच्या आसपास रुंद असते. ती मोटारीत मावेल, पण एस.टी.च्या गर्दीत किंवा दुचाकीवर तिचे ओझेच व्हावयाचे. छत्रीचा तंबू मिटल्यावर लांबच लांब राहतो आणि हवेचा तंबू वजनाने भारी असतो. दुरुस्तीचीही अडचण आहे. साध्या तंबूची काडी मोडली तर दुसरी बसवता येते, क्वचित बांबूच्या कामटीवरही रात्र निभावते. छत्रीचा मधला सांधा तुटला तर मात्र सारा सांगाडाच बसतो. हवेच्या नळीला सायकलच्या ट्यूबप्रमाणे ठिगळ लावता येते, पण ते सामान जवळ असावे लागते.

'चार माणसांचा तंबू' या शब्दांनीही फसू नये. हा हिशेब माणशी सुमारे ६० सेंटिमीटर धरून, म्हणजे खांद्याला खांदा लावून केलेला असतो. त्यात वळकट्या आणि पिशव्या धरलेल्या नसतात. चौघांच्या कुटुंबाने सहाजणांचा तंबू घ्यावा हे बरे.

कापड एकेरी की दुहेरी, हेही पाहावे. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. चौघांचे मिळून लिटरभर झाले. स्वस्त झटपट तंबू बहुधा एकेरी कापडाचे असतात. त्या थंड कापडाला ही वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे अंथरुणावर पडतात. तंबू गळतो अशी तक्रार पुष्कळदा येते, ती या दवाची असते. कापडावर १५०० किंवा ३००० मिलिमीटर असा आकडा छापलेला असतो. पाण्याचा तेवढ्या उंचीचा स्तंभ ते कापड न झिरपता पेलते, असा त्याचा अर्थ. तळाच्या कापडावर आपण बसतो, गुडघे टेकतो. तेथे दाब अधिक पडत असल्याने तळाचा आकडा मोठा असावा.

परंतु सर्वांत मोठा दोष तंबूत नसून त्याने आपल्याला लावलेल्या सवयीत आहे. तंबू आपोआप उभा राहिला की काम संपले असे वाटते आणि मेखा ठोकणे, तणावे ताणणे राहून जाते. उभा राहिलेला तंबू म्हणजे तयार झालेला तंबू नव्हे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि आपल्याकडे मे-जूनचा वळीव येतो तो वादळ घेऊनच. मेखा न ठोकलेला हलका तंबू अशा वाऱ्यात आत निजलेल्या लहान मुलासकट कलंडू शकतो. म्हणून वाचलेली पंधरा मिनिटे मेखांवर आणि तणाव्यांवर खर्च करावीत.

या बाबतीत आपल्या वारकऱ्यांकडे पाहावे. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुरास निघते, तेव्हा दिंड्यांच्या राहुट्या मुक्कामाच्या गावी बघता बघता उभ्या राहतात. त्यांत कसलीही कळ नसते. एक आडवी काठी, दोन उभ्या, मेखा आणि दोर, एवढेच. ती चपळाई सरावाच्या हातांची असते. नाशिकचा सिंहस्थही लक्षात घ्यावा. प्रयागचा मेळा थंडीत भरतो. आपल्याकडे २००३ व २०१५ सालच्या सिंहस्थांतील मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन पावसाळ्यात झाली. तपोवनातील साधुग्रामात मुक्काम केलेल्यांना हे सांगावे लागत नाही, की तंबू कितीही चांगला असला तरी जागा खोलगट असेल तर पाणी आत येणारच. जागा किंचित उंचावरची, निचऱ्याची निवडावी. एकट्या उंच झाडाखाली किंवा ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही.

दोन धोके कोणत्याच तंबूने टळत नाहीत. वीज चमकू लागली तर तंबूचा आसरा उपयोगाचा नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली मोटार गाठावी. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी वा निखारे आत आणू नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. निजलेल्याला जाग न येताच तो प्राण घेतो.

सारांश, वर्षातून एकदोन रात्री मोटारीने जाणाऱ्या कुटुंबास झटपट तंबू उपयोगी आहे. मात्र तो दुहेरी कापडाचा आणि पुरेशा तणाव्यांचा असावा. पाठीवर ओझे घेऊन गड चढणाऱ्याने किंवा घाटमाथ्याच्या वाऱ्यात मुक्काम करणाऱ्याने साधा काड्यांचा तंबूच घ्यावा. कोणताही घेतला तरी निघण्याच्या आधीच्या रविवारी तो अंगणात किंवा मैदानात मेखांसकट ठोकावा, वर दोन बादल्या पाणी ओतावे, आत मुलांना निजवून पाहावे आणि मग तो स्वतः मिटून पिशवीत भरावा. परत आल्यावर ओला तंबू तसाच माळ्यावर टाकू नये. कडकडीत वाळवून ठेवला, तर पुढच्या वर्षी त्याला बुरशी लागलेली दिसणार नाही.