‘मोजणे’ आणि ‘दाखविणे’ : मोटारशर्यतीच्या एका खेळातील शक्तिपरीक्षा

गेल्या वर्षी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या निबंधात ‘या खेळात गाडीची शक्ती मोजून पाहता येते’ असे वाक्य आढळले. प्रस्तुत लेखकाने ‘मोजून पाहता येते’ हे शब्द तांबड्या शाईने खोडून तेथे ‘पडद्यावर दाखविली जाते’ असे लिहिले. विद्यार्थ्याने दुरुस्ती मुकाट्याने स्वीकारली नाही. त्याचा आक्षेप क्रियापदापुरता होता, परंतु त्याची छाननी करावयाची तर इंजिन, शक्ती आणि संगणकीय खेळ या तिन्ही प्रांतांतून जावे लागते.

निबंधाचा विषय असलेला खेळ म्हणजे ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड २’ हा होय. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या संस्थेने तो २००४ साली प्रसिद्ध केला. बेव्ह्यू नावाच्या काल्पनिक शहरातील रात्रीच्या रस्त्यांवर शर्यती लावणे हा त्याचा मुख्य व्यवहार. शहर काल्पनिक असले तरी गाड्या खऱ्या नावांच्या आहेत : निसान स्कायलाइन, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, इतकेच नव्हे तर कॅडिलॅक एस्कलेडसारखी अवजड गाडीसुद्धा. खेळाडूने इंजिनात सुधारणा केली, टर्बो बसविला, की त्याचा परिणाम पाहण्यासाठी गाडी ‘डायनो’वर चढविता येते. इंजिनाचा गोंगाट वाढतो, आणि पडद्यावर शक्ती व टॉर्क यांच्या वक्ररेषा उमटतात.

‘डायनो’ हे ‘डायनॅमोमीटर’चे लघुरूप. मूळ ग्रीक घटकांकडे पाहून आपण त्यास सहज ‘शक्तिमापक’ म्हणू. परंतु यंत्राच्या कार्याकडे पाहता ‘बलमापक’ हाच शब्द अधिक यथार्थ ठरतो. कारण हे यंत्र शक्ती कधीच थेट मोजीत नाही. फ्रेंच अभियंता प्रोनी याने १८२१ साली जी युक्ती योजिली, तीत फिरत्या आसाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरीत आणि ठोकळ्यांना जोडलेली दांडी किती बलाने रेटली जाते ते वजनांनी तोलीत. बल गुणिले दांडीची लांबी म्हणजे टॉर्क, अर्थात आसाला पिळून फिरविण्याचे सामर्थ्य. त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. आजच्या पुष्कळ डायनोंत गाडीची चाके एका जड रुळावर फिरवितात आणि रूळ किती त्वरेने गती घेतो त्यावरून टॉर्क काढतात. म्हणजे खऱ्या कार्यशाळेतही शक्तीचा आकडा हा अनुमानाने येतो. हवेचे तापमान व दाब यांसाठी त्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागते. शिवाय चाकांपाशी काढलेला आकडा इंजिनाच्या आसापाशी काढलेल्या आकड्याहून कमी भरतो, कारण वाटेतील दंतचक्रे आपला वाटा घेतात.

खेळातील डायनोची स्थिती नेमकी उलट आहे. अशा खेळांच्या आज्ञावलीत सामान्यतः प्रत्येक इंजिनासाठी एक कोष्टक असते : इतक्या फेऱ्यांना इतका टॉर्क. गाडी धावते ती त्या कोष्टकातून निघणाऱ्या गणिताने. तेव्हा खेळाच्या कर्त्याला डायनोवर शोधण्यासारखे काही उरत नाही. त्याने पेटीत ठेवलेली वस्तूच पेटी उघडून दाखविली जाते. प्रस्तुत लेखकाची दुरुस्ती या विचारावर आधारलेली होती.

तथापि दाखविलेली वस्तू पेटीतलीच आहे कशावरून? येथे एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. वाफेच्या यंत्राची तुलना चक्कीच्या घोड्यांशी करताना जेम्स वॅटने एका अश्वशक्तीचे मान मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. या संख्येला २π ने भागले असता ५,२५२ येतात. त्यामुळे टॉर्क पौंड-फुटांत आणि शक्ती अश्वशक्तीत एकाच प्रमाणावर रेखाटली, तर दोन्ही वक्ररेषा मिनिटाला ५,२५२ फेऱ्यांपाशी एकमेकींस छेदल्याच पाहिजेत. इंजिन कोणतेही असो. ज्या आलेखात त्या अन्यत्र छेदतात तो आलेख केवळ शोभेचा. भाषाभ्यासकास ही कसोटी परिचित वाटेल, कारण ती व्याकरणशुद्धतेची कसोटी आहे. परंतु शुद्ध वाक्य असत्य असू शकते, तसाच नियमात बसणारा आलेखही.

सत्यतेची परीक्षा रस्त्यावरच करावी लागते. समजा, १,५०० किलो वस्तुमानाची गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग घेते. तिच्यात सुमारे ५७९ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठते. यास पाच सेकंद लागले तर सरासरी शक्ती ११६ किलोवॅट, म्हणजे सुमारे १५५ अश्वशक्ती होते. डायनोने २७६ हा कमाल आकडा दाखविला असेल तर त्यात विसंगती नाही. गिअर बदलताना व चाके घसरताना बरेच काही वाया जाते. पण हेच अंतर अडीच सेकंदांत काटले गेले तर सरासरीच ३१० वर जाते. सरासरी ही कमालीहून मोठी असू शकत नाही. म्हणजे पडद्यावरील २७६ हे त्या गाडीचे नाव असेल, गुण नव्हे.

यावर कोणी म्हणेल की वेगदर्शकाचा काटाही आज्ञावलीच फिरविते. खरे आहे. म्हणून लांबीचे माप खेळातील जगातूनच घ्यावे. उदाहरणार्थ, स्कायलाइन आर-३४ जीटी-आर ही गाडी ४.६ मीटर लांब; तीच मोजपट्टी करून रस्त्याचा तुकडा आखता येतो. घड्याळ मात्र आपल्या मनगटावरचे. एवढे करूनही वस्तुमान अज्ञातच राहते, आणि हाती येते ती प्रत्येक किलोमागची शक्ती. निर्भेळ शक्तीचा आकडा या मार्गाने मिळत नाही.

२७६ ही संख्या सहज घेतलेली नाही. १९८९ पासून जपानी मोटार उत्पादकांनी आपसांतील संकेताने देशातील गाड्यांची जाहीर शक्ती २८० मेट्रिक अश्वशक्तींपुरती मर्यादित ठेविली होती. ब्रिटिश मानाने त्या २७६ होतात. स्कायलाइन जीटी-आरच्या पत्रकावर हाच आकडा असे, आणि ती प्रत्यक्षात त्याहून बलवान आहे हे जाणकार उघड बोलत. हा संकेत २००४ साली, म्हणजे प्रस्तुत खेळाच्याच वर्षी, संपुष्टात आला. तेव्हा कागदावरचा आकडा आणि इंजिनातला आकडा यांची फारकत खेळाने प्रथम केली असे नव्हे.

आपल्याकडील गॅरेजमधील भाषा या बाबतीत अधिक सावध आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेथे गाडीला ‘पिकअप’ असतो, ती चढावर ‘ओढते’ किंवा ‘दम सोडते’. ही सारी विधाने गाडी चालवून पाहिल्यावरची आहेत. ‘एचपी’ मात्र पंपाच्या पाटीवर लिहिलेली असते.

विद्यार्थ्याचा आक्षेप एवढाच होता : ‘सर, डायनोच्या पडद्याविषयी मी तो शब्द लिहिलाच नव्हता. मी रस्त्यावर घड्याळ लावून बसलो होतो.’ निबंध पुन्हा वाचला. खोडलेले वाक्य दोन ठिकाणी होते. पहिल्या ठिकाणी डायनोचे वर्णन होते, तेथील दुरुस्ती कायम ठेविली. दुसऱ्या ठिकाणी ‘मोजून’ पूर्ववत केले, आणि ‘शक्ती’च्या आधी ‘दर किलोमागे’ हे शब्द त्याने स्वतःच घातले.