दिसलेला शब्द राहतो

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांबद्दल बोलताना आपल्याकडे ‘गतिमंद’ हा शब्द सहज वापरला जातो. ‘मतिमंद’ बोचतो म्हणून हा सौम्य शब्द पुढे आला, ते बरंच झालं. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. हे मूल इतरांसारखंच शिकतं, फक्त सावकाश, असं आपण मनाशी धरून चालतो. मग उपायही आपोआप ठरतो: तेच पुस्तक, तीच पद्धत, फक्त चौपट वेळा, आणि शिकवणाऱ्याकडे भरपूर माया नि धीर. माया आणि धीर तर लागतातच. मात्र गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनातून जे दिसलं ते या समजुतीत बसत नाही. या मुलांच्या शिकण्याची घडणच निराळी असते. काही वाटा त्यांना खरोखर बंद असल्यासारख्या असतात, काही बऱ्यापैकी मोकळ्या असतात. बंद वाटेवरून मुलाला पुन:पुन्हा ओढत नेल्याने मूल थकतं, शिकवणारा थकतो, आणि शेवटी ‘याला येणार नाही’ असा शेरा बसतो. मोकळी वाट नेमकी कुठून जाते हे शोधून काढणं, ही या मुलांसाठी संशोधनाने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं.

ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाउन यांनी या अवस्थेचं वर्णन १८६६ मध्ये केलं. तिचं कारण, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत, १९५९ मध्ये फ्रान्समधल्या लेज्यून, गोतिये आणि तुर्पँ यांच्या शोधनिबंधाने जगापुढे आणलं. कारण कळलं, तरी वर्गात काय करायचं ते त्यातून कळलं नाही. इंग्लंडमध्ये तर १९७० चा कायदा होऊन १९७१ मध्ये तो अमलात येईपर्यंत अशा बहुतेक मुलांवर ‘शिक्षणास अपात्र’ असा शिक्का मारून त्यांना शाळेबाहेर ठेवता येत होतं. हा शिक्का मारणारे लोक दुष्ट नव्हते. अनुभवी डॉक्टर आणि अनुभवी शिक्षक होते. ‘अनुभव आहे ना, मग संशोधन कशाला?’ असं जेव्हा विचारलं जातं, तेव्हा मला हे आठवतं. ज्या मुलांना कुणी वाचायला शिकवलंच नव्हतं, ती वाचत नाहीत असा तो अनुभव होता.

ही घडण निराळी म्हणजे कशी, ते एका साध्या उदाहरणातून पाहू. कुणी फोन नंबर सांगितला की तो लिहून होईपर्यंत आपण मनात घोळवत राहतो. ऐकलेलं काही क्षण धरून ठेवणारी ही स्मृती डाउन सिंड्रोममध्ये विशेष कमकुवत असते. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्टोफर जॅरोल्ड आणि ॲलन बॅडली यांनी १९९७ मध्ये हा फरक नेमकेपणाने मांडला. आकडे ऐकून त्याच क्रमाने म्हणायला सांगितलं की मुलं लवकर अडखळत. समोर ठोकळे ठेवून परीक्षकाने ज्या क्रमाने बोट लावलं त्याच क्रमाने बोट लावायला सांगितलं, तर मात्र त्यांची पडझड तशी होत नसे. म्हणजे ऐकलेलं निसटतं आणि पाहिलेलं तुलनेने टिकतं. त्यात निम्म्याहून अधिक मुलांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येते. मधल्या कानात चिकट द्रव साचतो आणि बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं पुसट होतं. पण दोष सगळा कानाचा नाही. चांगलं ऐकू येणाऱ्या मुलांमध्येही ही स्मृती कमजोर आढळते. आता आपली शिकवण्याची रीत आठवून पाहा. बाराखडी एका सुरात म्हणायची, पाढे घोकायचे, कविता ‘माझ्यामागे म्हणा’ करत पाठ करायची. इतर मुलांना ती मानवतही असेल, पण या मुलांच्या सर्वांत दुबळ्या जागेवरच ती सगळा भार टाकते.

मोकळ्या वाटेचा शोध एका वडिलांच्या पत्राने सुरू झाला. लेस्ली डफन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आपल्या मुलीला, सेराला, तिसऱ्या वर्षापासून लिहिलेले शब्द दाखवून वाचायला शिकवलं होतं आणि त्या वाचनातून तिचं बोलणं सुधारलं असं त्यांचं निरीक्षण होतं. १९८० च्या सुमारास त्यांनी पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना तसं कळवलं. बकलींनी ते बापाचं कौतुक म्हणून बाजूला सारलं नाही आणि सिद्ध झालेलं सत्य म्हणून डोक्यावरही घेतलं नाही. त्यांनी इतर मुलांबरोबर ते करून पाहायला घेतलं. त्यातून जी पद्धत रुळली ती स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारीही करता येईल इतकी साधी आहे. ‘आई’ आणि ‘चेंडू’ असे दोन शब्द ठळक अक्षरात दोन कार्डांवर लिहून मुलापुढे ठेवायचे. तिसरं, ‘चेंडू’ लिहिलेलं कार्ड हातात द्यायचं, शब्द उच्चारायचा आणि त्याच्या जोडीदारावर ठेवायला लावायचं. चुकीच्या कार्डाकडे हात वळतोय असं दिसलं तर चूक होण्याआधीच तो अलगद योग्य कार्डाकडे न्यायचा. जुळवणं जमलं की ‘चेंडू कुठंय?’ विचारून कार्ड उचलायला सांगायचं. तेही सहज येऊ लागल्यावरच, सर्वांत शेवटी, ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारायचं. आपण घाईघाईने आधी विचारतो तो प्रश्न इथे शेवटी येतो. बोलून दाखवणं ही या मुलांची सर्वांत अवघड पायरी. समजणं बोलण्याच्या बरंच पुढे असतं.

चूक होऊ न देण्यामागेही अभ्यास आहे. एडिनबराच्या जेनिफर विशार्ट यांनी लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. काम अवघड वाटलं की मूल नजर फिरवतं, गोड हसून समोरच्याला दुसरीकडे वळवतं किंवा सरळ वस्तू ढकलून देतं. आधी जमलेली गोष्टसुद्धा एखादे दिवशी करायचं नाकारतं. घरात आपण याला हट्ट म्हणतो. खरं तर वारंवार फसण्याच्या अनुभवातून आलेली ती माघार असते. अशा मुलाला रागावून उपयोग नाही. काम अशा बेताने मांडायला हवं की फसण्याची वेळच कमी यावी.

पण पद्धत पटण्याजोगी वाटणं वेगळं आणि तिचा उपयोग होतो हे दाखवणं वेगळं. मूल एरवीही वाढत असतं. सहा महिन्यांनी चार शब्द जास्त आले तर ते कार्डांमुळे की वयामुळे? या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुलना लागते. केली बर्गॉइन, मार्गारेट स्नोलिंग, चार्ल्स ह्यूम, स्यू बकली आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या साध्या शाळांत शिकणाऱ्या ५७ मुलांची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच रोज ४० मिनिटं वाचन आणि भाषेचा खास सराव मिळाला, दुसऱ्याला तोच सराव २० आठवड्यांनी सुरू झाला. म्हणजे वंचित कुणीच राहिलं नाही आणि तुलनाही झाली. शिकवणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते, शाळेतले प्रशिक्षित मदतनीस होते. २० आठवड्यांनंतर पहिला गट शब्द वाचण्यात, अक्षरांचे आवाज ओळखण्यात, सुटे आवाज जोडण्यात आणि शिकवलेले शब्द बोलण्यात वापरण्यात पुढे गेला होता.

याच चाचणीने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली. जे शिकवलं ते आलं. जे शिकवलं नाही ते आपोआप आलं नाही. न शिकवलेल्या शब्दांचा साठा, व्याकरण, शुद्धलेखन यांत दोन गटांत ठळक फरक नव्हता. यावर कुणी म्हणेल, मग एवढ्या खटाटोपाचं फळ इतकंसंच का? मला उलट वाटतं. पालकांना चमत्काराची आश्वासनं देणारे पुष्कळ भेटतात. किती अपेक्षा ठेवायची हे मोजून सांगणारा क्वचित भेटतो. एक शब्द शिकवून दहा येत नसतील, तर मुलाच्या रोजच्या जगण्यात कामी येतील असेच दहा शब्द आधी निवडायला हवेत, हे या निष्कर्षातून थेट निघतं. लहान मुलांची आणि अधिक तासिका झालेल्यांची प्रगती जास्त दिसली, यातूनही लवकर सुरुवात आणि रोजचा नेम यांना आधार मिळतो. दुसरा आक्षेप पोपटपंचीचा. मूल शब्द वाचतं, पण अर्थ कुठे कळतो? या मुलांचं आकलन अनेकदा वाचनाच्या मागे राहतं, हे खरं आहे. म्हणून तर त्या चाचणीत वाचनाच्या जोडीला रोज भाषेचा भाग होता. ओळखीचा, हाताळलेला, अर्थ माहीत असलेला शब्द कार्डावर आला तर पोपटपंचीला जागा कमी उरते.

वाटेतले अडथळे दूर करण्याचं कामही संशोधनाचंच. कार्डिफ विद्यापीठातल्या दृष्टीच्या अभ्यासात दिसलं की या मुलांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांचे डोळे जवळच्या वस्तूवर नीट स्थिरावत नाहीत. दूरचा फळा दिसतो, वही मात्र धूसर. नेहमीच्या चष्म्यानेही हे भागत नाही, दुहेरी भिंगाच्या चष्म्याने फरक पडतो. शिवाय फिकट रेषा त्यांना कमी दिसतात, म्हणून पुसट पेन्सिलीऐवजी ठळक पेन हवं. अमेरिकेत डेल उलरिक यांनी बाळांना घरी छोट्या ट्रेडमिलवर आधार देऊन रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस पावलं टाकायला लावली. ती बाळं ट्रेडमिलचा सराव न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी १०१ दिवस आधी स्वतंत्र चालू लागली. तीन महिने आधी चालणं म्हणजे तीन महिने आधी घरभर हिंडणं, वस्तू हाताळणं, त्यांची नावं ऐकणं. आणि कशाचा उपयोग होत नाही हेही संशोधनच सांगतं. जीवनसत्त्वांसारख्या पूरक औषधांवर अनेक पालक आशेने खर्च करत. ब्रिटनमध्ये १५६ बाळांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक ॲसिडचा विकासाला फायदा आढळला नाही. हे ऐकून मन खट्टू होतं, पण तोच पैसा कानाच्या तपासणीकडे आणि चष्म्याकडे वळला तर मुलाचं भलं होतं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: प्रत्येक मूल निराळं, मग ही सरासरीची गणितं त्याला कशी लावायची? आक्षेप खरा आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या दोन मुलांमधला फरक प्रचंड असू शकतो. काहींचं ऐकणं उत्तम असतं, काहींना वाचनात गोडीच नसते. सरासरी हा मुलावरचा निकाल नव्हे, ती सुरुवात कुठून करायची याची सूचना आहे. तापाच्या रोग्याला डॉक्टर आधी काय तपासतात, तशी. डोळ्यांपासून सुरुवात करा, कान तपासा, चूक टाळत शिकवा, मग त्या मुलाचा प्रतिसाद पाहून बदला. ही सूचना नसेल तर प्रत्येक आईबापाला नव्याने चाचपडावं लागतं, आणि त्यात बाळाची पहिली मोलाची वर्षं निघून जातात.

हे बहुतेक पुरावे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून आले आहेत, आणि मराठी ही इंग्रजी नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत २०१३ पासून डाउन सिंड्रोमचा समावेश आहे, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही आहेत; पण त्या केंद्रातून घरी नेता येईल असं मराठी वाचनसाहित्य मराठी मुलांवरच तपासून तयार व्हायला हवं. कारण मराठीत अर्थाचा मोठा भार शब्दाच्या शेपटाला असतो. ‘दादाने आईला दिलं’ आणि ‘दादाला आईने दिलं’ यात देणारा-घेणारा उलटतो तो ‘ने’ आणि ‘ला’ या एकेका अक्षराने, आणि बोलताना नेमकी हीच अक्षरं ओझरती उच्चारली जातात. पुसट ऐकणाऱ्या, ऐकलेलं निसटणाऱ्या मुलाच्या हाती ती लागणार कशी? कागदावर मात्र ‘ने’ तितकाच ठळक लिहिता येतो जितका ‘दादा’. ‘दादा’चं एक कार्ड, ‘ने’चं वेगळ्या रंगाचं दुसरं, ‘ला’चं तिसरं. खाऊचा डबा खरोखर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि मुलाला कार्डं जुळवू द्यायची. अशा कार्डांनी शिकलेली वीस-पंचवीस मुलं आणि थोडं नंतर शिकणारी तितकीच, एवढ्या तुलनेने सुरुवात होऊ शकेल. एखाद्या अध्यापक महाविद्यालयाच्या आणि चार-पाच शाळांच्या आवाक्यातलं हे काम आहे.