काशीदचे शिंपले, घरचे तोरण

काशीदच्या पांढऱ्या वाळूत शंख-शिंपले वेचण्याचा मोह कोणाला होत नाही! पण शंख उचलला की थोडा वेळ वाळूवर ठेवून पाहावा. पुष्कळदा आत एखाद्या खेकड्याने बिऱ्हाड थाटलेले असते. खरे म्हणजे तोरणाला कालवणातल्या तिसऱ्यांचे शिंपलेच उत्तम. ते गोड्या पाण्यात भिजवून घासावेत, सावलीत वाळवावेत. व्हिनेगर मात्र नको, त्यात शिंपला विरघळतो. बिजागरीजवळचा फुगवटा खडबडीत दगडावर घासला की भोक पडते. मग काथ्यात ओवावे. दुकानातले मोठे शंख घेताना जपावे. २००१ पासून कित्येक जातींना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. गोव्यातील जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेली चपटी, अर्धपारदर्शक शिंपसुद्धा त्यांतलीच.