तारांखालचं पाणी

खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत. तिथून निघालेले विजेचे मनोरे शेतं ओलांडत दूरवर जातात. जवळून वाहणारी कोलार पुढे कन्हानला मिळते. या कोलारला वरच्या अंगाला चंद्रभागा येऊन मिळते. ही चंद्रभागा पंढरपूरची नव्हे, काटोल-कळमेश्वरच्या संत्रापट्ट्यातली.

या चंद्रभागेच्या खोऱ्यावर २०१३-१४ मध्ये एका हेलिकॉप्टरने घिरट्या घातल्या. खाली दोरांना एक भलंमोठं कडं लटकवलेलं होतं. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने भूजलाच्या थरांचा नकाशा काढण्यासाठी देशात सहा ठिकाणं निवडली होती. महाराष्ट्रातलं ठिकाण हे. यंत्रणा डेन्मार्कची, ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिलेली ‘स्कायटेम’.

कड्यातून मोठा विद्युतप्रवाह सोडायचा आणि क्षणार्धात तोडायचा. तो तुटला की जमिनीत भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात आणि विरत विरत खोल उतरतात. चिकणमाती किंवा खारं पाणी असेल तर ते रेंगाळतात. अखंड काळ्या पाषाणात, म्हणजे बसॉल्टमध्ये, लगेच विझतात. विझतानाचा त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरी गुंडाळी टिपते. सुरुवातीचा प्रतिसाद वरच्या थरांचा, उशिराचा खोलवरचा. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

उड्डाण काही दिवसांत आटोपतं. खरं काम त्यानंतर, संगणकासमोर. कडं वाऱ्याने किती कललं, जमिनीपासून किती उंचीवर होतं, हे आधी दुरुस्त करावं लागतं. उंची मोजणाऱ्या लेसरचा झाडावरून परतलेला किरण जमिनीवरून आला असं धरलं, तर उंचीच चुकते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. उशिराचा प्रतिसाद इतका दुबळा असतो की शेजारशेजारच्या नोंदींची सरासरी काढून तो गोंगाटातून वर आणावा लागतो. सरासरी फार पसरट झाली तर पाण्याची अरुंद भेगच पुसली जाते. इथे सूत्रापेक्षा बसणाऱ्याची नजर मोलाची, असं माझं मत आहे.

तारा हे या कामातलं सर्वांत मोठं दुखणं. विजेची लाइन, लोखंडी पाइप, बागेचं तारेचं कुंपण यांतही प्रवाह उठतो आणि जमिनीचा म्हणून नोंदला जातो. नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग कळमेश्वर आणि काटोलवरूनच जातो. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंच्या शंभर-दीडशे मीटरच्या नोंदी एकेक पाहून काढून टाकाव्या लागतात. नकाशात तिथे रिकामा पट्टा राहतो. तो तसाच ठेवणं हा प्रामाणिकपणा आहे. रंग भरला तर खोटी चिकणमाती दिसेल आणि तिच्या भरवशावर कुणीतरी कर्ज काढून बोअर मारील.

म्हणून खापरखेड्यासारखं गाव या पद्धतीला फार अवघड. राखेच्या तळ्यांतून झिरपणारे क्षार पाण्याची वाहकता वाढवतात, म्हणजे तत्त्वतः ते आकाशातून दिसायला हवेत. पण वर तारांचं जाळं आहे. इथे पायी फिरून, खुंट्या ठोकून केलेलं मोजमाप आणि विहिरींच्या पाण्याची तपासणी यांना पर्याय नाही.

उरलेल्या नोंदींतून उलटा हिशेब मांडतात: कोणत्या थरांनी असा प्रतिसाद दिला असेल? शेजारच्या बिंदूंची उत्तरं एकमेकांना धरून ठेवतात, शिवाय कुठल्या खोलीपर्यंत विश्वास ठेवायचा याची रेषाही आखतात. चंद्रभागेच्या खोऱ्यात यातूनच बसॉल्ट आणि त्याच्या खालचे गोंडवन काळातले गाळाचे खडक वेगळे ओळखता आले. वरचा बसॉल्ट उपसून कोरडा पडत असताना ही माहिती लाखमोलाची.

तरीही यंत्र पाणी दाखवत नाही, फक्त वाहकता दाखवतं. पाण्याने भरलेला, झिजलेला बसॉल्ट आणि मातकट थर यांचे आकडे सारखे येऊ शकतात. निवाडा करते ती जवळची बोअर. म्हणून संत्रापट्ट्यातल्या शेतकऱ्यांना एक विनंती आहे. बोअर मारताना मुरूम किती फुटांवर संपला, पाषाण कुठे लागला, पाणी कुठे आलं, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. बोअर फेल गेली, तरीही लिहा.