बेळगावचे ठाणेदार, डेट्रॉईटचे खासदार

श्री ठाणेदार यांचं 'ही श्रीची इच्छा' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. पण त्या पुस्तकानंतर जे घडलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधीचं थोडक्यात. १९५५ साली चिकोडीत जन्म, बेळगावात मराठी घरात बालपण, १९७९ साली अमेरिका, १९८२ साली ॲक्रन विद्यापीठाची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. १९९१ साली त्यांनी सेंट लुईसची 'केमिर' ही छोटीशी प्रयोगशाळा विकत घेतली. (डॉक्टरेट माझ्याकडेही आहे, पगार सोडायचा धीर मात्र आजवर झालेला नाही.) धंदा वाढला, कर्जही वाढलं. मंदी आली आणि २०१० साली बँकेने कंपन्या ताब्यात घेतल्या. न्यू जर्सीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या प्रयोगशाळेत शंभरावर बीगल कुत्री अडकली होती. २०१८च्या निवडणुकीत त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. पंचावन्नाव्या वर्षी ॲन आर्बरला त्यांनी 'ॲव्होमीन'पासून पुन्हा सुरुवात केली; २०१६ साली तिचा मोठा हिस्सा विकला.

मग राजकारण. २०१८ साली गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर घालून तिघांत तिसरे आले. २०२० साली मिशिगनच्या विधानसभेत निवडून आले.

२०२२ची काँग्रेसची निवडणूक मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. तेरावा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. म्हणजे खरा निकाल ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतच लागतो. रिंगणात नऊ उमेदवार होते आणि मिशिगनमध्ये पहिल्या दोघांत पुन्हा लढत होत नाही. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरात ७१ टक्के मिळाली, पण ती औपचारिकताच.

आमच्या मंडळात पेढे वाटले गेले. डेट्रॉईटमध्ये वाढलेल्या माझ्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याने विचारलं, "तुमचा माणूस, ठीक, आमचा किती?" १९५५ साली चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये गेले, तेव्हापासून त्या शहराचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी कायम तिथे होता. जानेवारी २०२३मध्ये ती परंपरा तुटली. मला काही उत्तर सुचलं नाही. २०२४ साली ठाणेदार मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आले, त्याची बातमी मी त्याला आपणहून सांगितली नाही.

मी नागरिक होऊन अकरा वर्षं झाली. नोव्हेंबरचं मतदान कधी चुकवलं नाही; प्राथमिक फेरीला एकदाच गेलोय.