स्पीकरला ऐकायला लावताना

किक ड्रमचं पेडल दाबलं की दोन आवाज होतात. बीटर स्किनवर आपटल्याचा टक्क कानाला कळतो आणि त्यामागचा धम्म थेट पोटात जाणवतो. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये टक्क नेमका येतो आणि धम्म बहुतेक वेळा हरवतो. त्या धम्मसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या साडेसहा इंची वुफरचा माइक केला.

यामागचं तत्त्व फॅरेडेनं 1831 मध्येच दाखवून दिलं होतं. चुंबकाच्या क्षेत्रात तार हलली की तिच्यात वीज निर्माण होते. स्पीकरला आपण वीज देतो, तेव्हा कॉइल हलते आणि तिला चिकटलेला कोन हवा ढकलतो. हेच उलट करून हवेनं कोन ढकलला, तर कॉइलच्या दोन टोकांना वीज मिळते. डायनॅमिक माइक याच तत्त्वावर चालतो. जुन्या इंटरकॉममध्ये तर एकच स्पीकर बोलायचाही आणि ऐकायचाही.

फरक आहे तो वजनाचा. माइकचा पडदा इतका हलका असतो, की झांजेची बारीक थरथरही त्याला पकडता येते. त्याच्यापुढे वुफरचा कोन जडशीळ. सेकंदाला हजारो वेळा हलणं त्याला झेपत नाही, त्यामुळे बीटरचा टक्क त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पण किकचा खर्ज साधारण 50 ते 80 हर्ट्झमध्ये घुमतो आणि अशा बऱ्याच वुफरचं स्वतःचं डोलणंही त्याच्याच आसपास असतं. ठोका संपल्यावरही कोन क्षणभर हलत राहतो आणि खर्ज लांबतो. म्हणजे हा माइक ड्रमचा आवाज आहे तसा देत नाही, त्यात स्वतःची भर घालतो. मला ती भरच हवी असते.

ही युक्ती जुनी आहे. 1966 मध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत बीटल्सचं ‘पेपरबॅक रायटर’ ध्वनिमुद्रित होत असताना पॉल मॅकार्टनीच्या बेस गिटारसमोर माइक म्हणून मोठा स्पीकर ठेवला होता. पुढे यामाहाच्या एनएस-10 या स्टुडिओ स्पीकरचा पांढऱ्या कोनचा वुफर किकसमोर लटकवायची पद्धत पडली. यामाहानं मग ड्रमच्या छोट्या शेलमध्ये स्पीकर बसवून ‘सबकिक’ नावानं तयार माइकही विकला. एनएस-10 चं उत्पादन 2001 मध्ये थांबलं आणि त्याच्या सुट्या वुफरलाही आता मोल आलं आहे. माझ्या मते या कामासाठी तो मिळवायचा अट्टहास करू नये. कोन आणि कॉइल धड असलेला कुठलाही वुफर चालतो.

धड आहे की नाही, हे हातालाच कळतं. दोन्ही हातांची बोटं कोनच्या कडेला समोरासमोर ठेवून तो सरळ आत दाबायचा. गुळगुळीत गेला तर ठीक. आतून खरखर आली, तर कॉइल घासते आहे, तो स्पीकर सोडून द्यायचा. फोमची कड जुनी झाली की बोट लावताच भुगा होतो, रबराची किंवा कापडाची टिकते. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर कॉइल तुटलेली आहे.

मग दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलचा प्लस ज्या टोकाला असतो, तो स्पीकरचा प्लस. इथे थोडं थांबून विचार करावा लागतो. हवेच्या दाबानं कोन आत जातो तेव्हा याच टोकाला मायनस मिळतो. माइकचा रिवाज असा, की दाब आला की एक्सएलआरच्या दोन नंबरच्या पिनवर प्लस यावा. म्हणून स्पीकरचा मायनस दोनला आणि प्लस तीनला जोडायचा. केबलची जाळी एक नंबरला. डाग देताना सोल्डरिंग आयर्न टॅगवर जास्त वेळ धरू नये, कारण तिथून कोनकडे जाणारी विणलेली बारीक तार उष्णतेनं सुटते.

मी स्पीकर एका लोखंडी कड्यात चार बाजूंनी इलॅस्टिक ताणून बसवला, म्हणजे स्टँडची थरथर त्यात उतरत नाही. कडं किकच्या पुढच्या स्किनपासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर ठेवतो. पेडल दाबलं की कोन नुसत्या डोळ्यांना आत-बाहेर होताना दिसतो. यातून निघणारा सिग्नल दणदणीत असतो. गेन पूर्ण खाली आणूनही आवाज फाटला, तर मध्ये 20 डीबीचा पॅड लावायचा. फँटम पॉवर बंदच ठेवावी. जोडणी बिनचूक असेल तर तिनं बिघडत नाही, पण केबलमधली एखादी तार शॉर्ट झाली तर तोच प्रवाह कॉइलमध्ये शिरतो.

हा माइक एकटा वापरायचा नसतो. ड्रमच्या आत किकचा नेहमीचा माइक हवाच, टक्क त्याच्याकडूनच येतो. मिक्सरवर स्पीकरच्या चॅनेलचा साधारण शंभर हर्ट्झच्या वरचा भाग कापायचा, दोन्ही चॅनेल उघडायचे आणि एकाचं फेजचं बटण दाबून पाहायचं. एका स्थितीत किक पोकळ होतो, दुसऱ्या स्थितीत भरतो. वायरिंग कितीही बरोबर असलं तरी ही खात्री कानानंच करावी, कारण स्पीकरच्या स्वतःच्या डोलण्यानं फेज सरकते. मग फेडर हळूहळू वर न्यायचा. स्पीकरचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला की तो जास्त झाला. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही, हेडफोन किंवा मोठे स्पीकरच हवेत. पथकाचा ढोल रेकॉर्ड करणाऱ्यांनीही हा जोड जरूर लावून पाहावा.

घरात बंद पडलेली म्युझिक सिस्टीम असेल, तर भंगारात देण्याआधी तिचा वुफर काढून कोन एकदा दाबून पाहा. बहुतेक वेळा बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये असतो आणि स्पीकर ठणठणीत निघतो.